खाते क्रमांक एकेचाळीस

पहाटे सव्वापाचला मी डेअरीचं शटर वर करते
आणि अंधारातून आधी वास येतो,
शेणाचा, धुराचा, दमट घोंगडीचा.
मग किटलीची कडी वाजते.
मग धावजी घारे.

खाते क्रमांक एकेचाळीस.
साडेतीन लिटर. फॅट चार-आठ.
"डांगी गाय देती ते मोजकंच," तोच सांगतो, रोज,
जणू उणं माझ्या मशीनचं आहे
आणि त्याला माझं मन मोडायचं नाही.

संकरित गायीवाले वीस-वीस लिटर ओतून जातात,
मोटारसायकल बंदही न करता.
हा थांबतो. पावती उलटीसुलटी बघतो,
वाचता येत नाही, तरी घडी घालून टोपीत ठेवतो.
"पारीचं दूध येगळं, मणेरीचं येगळं.
तुझं मशीन दोघींना एकच नाव ठिवतं."

गावाचा वळू त्याच्याकडे असायचा.
कुणी दिला नव्हता, कुणी नेमलं नव्हतं;
बापाकडे होता म्हणून याच्याकडे.
काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बाहाळा,
कातडीला तेलाची चकाकी,
श्रावणझडीत उभा राहिला तरी पाणी अंगात मुरायचं नाही.
ज्याची गाय माजावर येई त्यानं दोरी धरून यावं,
कोरा चहा घ्यावा, जावं.
पैशाचं नाव काढलं की धावजी
गोठ्याच्या आढ्याकडे बघत राही.
आढ्यावर काहीच नसे.

ग्रामसभेत नव्या ग्रामसेवकानं विचारलं,
गायरानात तुमची जनावरं चरतात, नोंद कुठाय?
धावजी उठला. बसला. पुन्हा उठला.
"नोंद हाये ना, सायेब.
गणाच्या गोठ्यात दोन. तुळसाबाईकडं एक कालवड.
वरल्या वाडीत अख्खी बैलजोडी.
तोंडं बघा त्यांची,
बापाचं नाव कपाळाव लिव्हलंय."
सगळे हसले.
वहीत काय लिहिलं गेलं, कोण जाणे.

वळू पौषात गेला, भात झोडून झाल्यावर.
रोग नव्हता, वय होतं.
रात्री बसला तो उठला नाही.
मला कळलं ते दुधाच्या रांगेत:
"आज एकेचाळीस यायचा नाय."
किटल्या तशाच ठेवून माणसं निघाली.
सहा वर्षांत पहिल्यांदा मी शटर अर्धं ओढलं.

बांधापायी तीन वर्षं अबोला धरलेले रंगनाथ आणि काशिनाथ
एकाच खड्ड्यात उतरले, एकच पहार, पाळीपाळीनं,
आणि तरीही बोलले नाहीत.
जेसीबीवाला पोरगा आला. धावजी म्हणाला, "नको, हातानंच."
पोरगं खाली उतरलं, फावडं मागू लागलं.
तुळसाबाईनं मिठाची गोणी डोक्यावरून आणली.
शिंगांना तेल धावजीनं स्वतः लावलं,
सावकाश, दोन्ही शिंगांना सारखं,
घोटीच्या बाजाराला न्यायचा असावा तसं.
मग प्रत्येकाला विचारत फिरला, चहा झाला का.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला वास आला, कडी वाजली.
तीन लिटर दोनशे. चार-पाच.
"पारी चरली नाय काल."
पावती टोपीत गेली, पण तो हलेना.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"गणाचा गोऱ्हा बघितला का तू? दीड वर्साचा?
खांद्याला चकाकी धरायला लागलाय."
मी म्हटलं, मग ठेवा की तोच.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं शिकलेल्या माणसाकडे कीव करून बघतात.
"हितल्या गायी त्याच्या बहिणी लागत्यात, पोरी.
तो टाकेदकडं द्यायचा. तिकडचा आपण आणायचा.
सोयरीक हाये ती."

मशीनमध्ये तशी नोंद करायची सोय नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे मी पेन चालतो का बघते,
तिथे लिहून ठेवलं:
गणाचा गोऱ्हा. टाकेद. धावजींना आठवण करणे.

आठवण मला करावी लागली नाही.
चौथ्या दिवशी एकेचाळीसची किटली
त्याच्या सुनेनं आणली.